आई-बाबांना सील दाखवायला नेताना

कॅलिफोर्नियात सनीवेलला राहायला येऊन मला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आई-बाबा तीनदा, सासू-सासरे दोनदा, मामा-मामी एकदा, आणि नवऱ्याची पुण्याची मित्रमंडळी हप्त्याहप्त्याने येऊन गेली. गोल्डन गेट झाला, मोठमोठ्या कंपन्यांच्या पाट्यांसमोर फोटो झाले, की चौथ्या दिवशी नाश्त्याला प्रश्न येतोच: "आज काय?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सील बघायला जाऊ. डिस्नेलँडपेक्षा स्वस्त, आणि कुडाळला परत गेल्यावर लोक जे सांगत बसतात ते हेच, असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडेही कोणी येणार असेल तर खालचं वाचून ठेवा. माझ्या चुका तुम्ही पुन्हा करायला नकोत.

सुरुवात घरातच, जाजमावर करा. आपल्या लोकांना सील आणि सी लायन एकच वाटतात, कारण आपल्या किनाऱ्यावर दोन्ही नाहीत. तारकर्लीला डॉल्फिन दिसतात, पण सील पाहायला बहुतेक ठिकाणी थंड आणि मासळीने गच्च भरलेला समुद्र लागतो. पुस्तकात सी लायनला 'समुद्रसिंह' म्हणतात. मी तो शब्द वापरला तेव्हा माझ्या भाच्याने आयाळ कुठे आहे म्हणून विचारलं. तेव्हापासून सी लायनच म्हणते.

तर जाजमावर एका पोराला पालथं झोपवा. दोन्ही पाय जुळवून मागे सरळ, हात अंगाला चिकटलेले, आणि आता पुढे सरक म्हणा. पोट उचलून, आपटून, अळीसारखी लाट काढत तो दोन फूट जाईल आणि दमेल. हा सील. दुसऱ्याला रांगायला लावा: हात ताठ, छाती वर, पाय पोटाखाली. तो आरामात स्वयंपाकघरापर्यंत जाईल. हा सी लायन. सगळी गोम कंबरेत आहे. सी लायनला मागचे फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, पुढे वळवून अंगाखाली घेता येतात, म्हणून तो जमिनीवर चालतो, पळतो, खडकावर चढतो. सीलचे मागचे फ्लिपर कायमचे मागेच वळलेले. जमिनीवर ते नुसतं ओझं, पण पाण्यात तेच त्याचं इंजिन: शेपटीसारखे डावी-उजवीकडे मारत तो पोहतो. सी लायन उलट पुढच्या लांब फ्लिपरांनी पोहतो, जवळजवळ उडतोच.

लोक आधी कान शोधायला सांगतात. सी लायनला चिमटीत मावेल एवढा, सुरळी केल्यासारखा कान बाहेर दिसतो, सीलला नुसतं भोक असतं. खरं आहे ते. पण साठ-सत्तर वर्षांच्या डोळ्यांना, वाऱ्यात, चाळीस मीटरवरून तो कान दिसत नाही. चाल दिसते. म्हणून आधी चाल बघा, मग दुर्बिणीतून कानाची खात्री करा. नावावर मात्र जाऊ नका. फर सीलच्या नावात सील आहे, पण कान आणि कंबर बघितली तर तो सी लायनच्या घरातला. वॉलरसचं तिसरंच घराणं, ते इथे दिसत नाही, पार उत्तर ध्रुवाकडे राहतं.

मुलं विचारतातच, हे मासे आहेत का? नाहीत. हे जमिनीवरच्या मांसाहारी प्राण्यांचे वंशज, अस्वलं आणि पाणमांजरं यांच्या नात्यातले. देवमासा आणि डॉल्फिन पाण्यातच जन्मतात आणि पाण्यातच मरतात. यांचं तसं नाही. पोट समुद्रात भरायचं, पण बाळंतपण जमिनीवर किंवा बर्फावर. ही दोन्हीकडची ओढ आहे म्हणूनच आपल्याला ते किनाऱ्यावर उभं राहून दिसतात.

पहिल्या सहलीसाठी माझी शिफारस समुद्रकाठच्या मॉन्टेरे गावाची. पिअर ३९ची नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पिअर ३९ची गोष्ट छान आहे: १७ ऑक्टोबर १९८९ला मोठा भूकंप झाला, आणि त्या हिवाळ्यात सी लायन तिथल्या बोटींच्या धक्क्यावर येऊन बसू लागले ते आजतागायत. २०२४च्या वसंतात तर हजाराच्या वर होते. पण तिथे कॅरमेल पॉपकॉर्नचा वास, गर्दी, पार्किंगचे पैसे, आणि जून-जुलैत गेलात तर बरेचसे फळकुट रिकामे. त्या दिवसांत ते विणीसाठी दक्षिणेला चॅनल आयलंड्सकडे गेलेले असतात. सासऱ्यांना मी नेमकी जूनमध्ये नेलं होतं. त्यांनी सात सी लायन मोजले आणि "बरे होते" म्हणाले. पुणेरी माणूस "बरे होते" म्हणाला की काय समजायचं ते तुम्हाला माहीत आहे.

मॉन्टेरेला एका मैलात दोघंही भेटतात. आधी कोस्ट गार्डच्या धक्क्याशी थांबा. गाडीचं दार उघडायच्या आतच आवाज येतो: रात्री दीड वाजता गल्लीतली सगळी कुत्री एकदम भुंकावीत तसा. हे सी लायन. दगडांवर एकमेकांच्या अंगावर लोळत असतात, कोणी कोणाच्या डोक्यावर पाय देऊन चढतो, मग भांडण, मग पुन्हा झोप. मोठ्या नराच्या कपाळावर टेंगूळ असतं, ते दाखवा. मादी साधारण शंभर किलोची, नर तिच्या तिप्पट सहज. मग समुद्राकडेची पायवाट धरा. वाट सपाट आहे, अधूनमधून बाक आहेत, गुडघेदुखीवाल्यांनाही चालते. मत्स्यालय ओलांडून पुढे पॅसिफिक ग्रोव्हकडे गेलं की हॉपकिन्स मरीन स्टेशनचं कुंपण लागतं. त्याच्या जाळीतून खाली छोटी पुळण दिसते. तिथे हार्बर सील पडलेले असतात: राखाडी, ठिपकेदार, गोल डोक्याचे, डोकं आणि शेपूट दोन्ही वर उचलून केळ्यासारखे. कोणी भुंकत नाही, कोणी अंगाला अंग लावत नाही, प्रत्येकाची आपली जागा. आई म्हणाली, "ते मघाचे चाळीतले, हे फ्लॅटमधले." यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

पाण्यातले ओळखायचे असतील तर तेही इथेच शिका. हार्बर सील बाटलीसारखा उभा तरंगतो, टक लावून बघतो आणि न वळता सरळ खाली जातो. सी लायन उसळ्या मारत जातो. कधीकधी सी लायन पाण्यात आडवा पडून एक फ्लिपर हवेत धरून ठेवतो, बराच वेळ. मामा ओरडले, "अरे तो अडकलाय, कोणाला तरी बोलवा!" अडकलेला नसतो. फ्लिपरला चरबीचा थर नसतो, त्यातून अंगातली उष्णता कमी-जास्त करता येते, म्हणून ते असे धरतात.

आता माझी मोठी चूक. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये मामा-मामींना घेऊन आम्ही मॉस बीचच्या बाजूला गेलो होतो. ओहोटी होती. खडकांच्या आडोशाला हार्बर सीलचं एक पिल्लू एकटंच पडलेलं, डोळे ओले, आणि ते "मा..." असं काहीतरी ओरडत होतं. खरंच तसंच ऐकू येतं. मामी कळवळल्या, "हेची आवस खय गेली गो?" मी आपली शहाणी, गाडीतून टॉवेल आणला, बाटलीतल्या पाण्याने ओला केला आणि निघाले त्याच्यावर पांघरायला. दहा पावलांवर असताना कुत्रा फिरवायला आलेल्या एका वयस्कर बाईंनी मागून मला चांगलं झापलं. त्याची आई समुद्रात मासे धरायला गेलीय, म्हणाल्या, आणि तुम्ही इथे उभ्या आहात म्हणून ती वर येत नाहीये. आम्ही पार वर कड्यापर्यंत मागे गेलो. वीसेक मिनिटांनी पाण्यात एक गोल डोकं वर आलं, आमच्याकडे बघत राहिलं, आणि मग ती पोटावर सरकत पिल्लापाशी गेली. मामी रडल्या. मी तो ओला टॉवेल हातात धरून उभी होते.

तेव्हा हे पक्कं डोक्यात ठेवा. वसंतात, साधारण मार्च ते जून, किनाऱ्यावर एकटं पिल्लू दिसलं तर ते बहुधा टाकलेलं नसतं. हात लावायचा नाही, पाणी ओतायचं नाही, पाण्यात ढकलायचं तर मुळीच नाही. लांब जायचं आणि सॉसलिटोच्या मरीन मॅमल सेंटरला फोन करायचा. १९७५पासून ते हेच काम करतात, त्यांची माणसं येऊन ठरवतील. नंबर आधीच फोनमध्ये घालून ठेवा. दक्षिणेकडे, लॉस एंजेलिसच्या बाजूला, आणखी एक गोष्ट दिसू शकते: मोठा सी लायन वाळूवर मान मागे टाकून डोलतोय, झटके येताहेत. समुद्रातल्या एका शेवाळासारख्या सूक्ष्म जिवाचं विष, डोमोइक ॲसिड, माशांमधून त्याच्या मेंदूपर्यंत गेलेलं असतं. २०२३ला आणि पुन्हा २०२५ला असे कितीतरी आजारी पडले. तो चावू शकतो. पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा आणि फोन करा.

किती लांब? सांगितलं जातं ते पन्नास यार्ड. आपल्या माणसांना यार्ड कळत नाही, पण पिच कळतं: बावीस यार्डांची सव्वादोन पिचं. बाबांना एवढं सांगितल्यावर ते पावलं मोजूनच उभे राहतात. जागीच खूण हवी असेल तर हात लांब करून अंगठा वर धरा. अंगठ्याआड अख्खा प्राणी लपला तर ठीक, बाहेर उरला तर मागे सरका. १९७२पासून इथे कायदा आहे, त्यांना त्रास देणं आणि खायला घालणं दोन्ही गुन्हा. पण दंडाचं सोडा, सोपी परीक्षा अशी की तुमच्याकडे बघून त्याने मान वर केली, की तुम्ही जरा जास्तच जवळ आहात.

आता मुख्य जेवण: एलिफंट सील.

हे बघायला दोन जागा. एक आन्यो नुएव्हो, सांताक्रूझच्या उत्तरेला वीसेक मैलांवर. दुसरी पिएद्रास ब्लांकास, सॅन सिमियनजवळ. आन्यो नुएव्होला १५ डिसेंबर ते ३१ मार्च फक्त स्वयंसेवकांबरोबरच आत जाता येतं आणि आधी बुकिंग लागतं. मी पहिल्या वर्षी जानेवारीत "बघू तिथे जाऊन" म्हणत सासू-सासऱ्यांना नेलं आणि फाटकावरून परत आणलं. परतीच्या दीड तासात गाडीत कोणी बोललं नाही. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, तारीख ठरली की लगेच बुक करा आणि निघायच्या आदल्या दिवशी पायी फेरी चालू आहे ना ते पाहा. फेरी अडीच तासांची, तीनेक मैल, आणि त्यातलं बरंच वाळूतून. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांच्यासाठी लाकडी वाटेवरून वेगळी फेरी असते, ती विचारून ठरवा. पिएद्रास ब्लांकासला यातलं काही नाही: हायवेला लागूनच गाडी लावायची, कठड्याशी उभं राहायचं, खाली पुळणीवर शेकडो. तिकीट नाही, बुकिंग नाही, वर्षभर उघडं. फक्त आमच्याकडून पावणेचार-चार तास लागतात, आणि बिग सरचा देखणा रस्ता दरडींमुळे आपल्या घाटांसारखाच अधूनमधून बंद असतो. मी हायवे १०१ने पासो रोबल्सपर्यंत जाते आणि तिथून ४६ने समुद्राकडे उतरते.

केव्हा जायचं ते पाहुण्यांच्या तिकिटावर ठरतं, म्हणून महिने सांगते. डिसेंबरच्या मध्यापासून मोठे नर येऊन जागेसाठी भांडतात. जानेवारीत माद्या येऊन वितात, महिन्याच्या अखेरीस सर्वांत जास्त गर्दी. फेब्रुवारीत पिल्लं फुगून गोण्या झालेली असतात. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आपले आई-बाबा तिकडचा उन्हाळा चुकवून इथे येतात तेव्हा, माद्या आणि लहान नर कात टाकायला येतात. मोठे नर जुलै-ऑगस्टला. कात टाकणं हा शब्द मी उगाच वापरत नाही: केसांबरोबर वरची कातडीही धलप्यांनी सुटते, जुन्या भिंतीचा रंग निघावा तशी. आधी सांगून ठेवा, नाहीतर "याला काय रोग झालाय?" हे पन्नास वेळा ऐकावं लागतं.

नराची लांबी चार मीटरच्या पुढे, वजन दोन हजार किलोपर्यंत, म्हणजे आमच्या गाडीपेक्षा जास्त. सोंडेसारखं नाक फक्त नराला. विणीच्या हंगामात तो तीन महिने जमिनीवर असतो आणि त्यात एक घास खात नाही. मादीही उपाशीच पाजते. पिल्लू जन्मतं तेव्हा तीस-पस्तीस किलोचं. सुमारे चार आठवडे तिचं दूध पितं, ज्यात शेवटी निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो, आणि सव्वाशे किलोच्या आसपास जातं. मग एक दिवस ती उठते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लू वाळूवर. पोहायला कोणी शिकवत नाही, ते उथळ पाण्यात स्वतःच धडपडत शिकतं आणि वसंतात एकटं निघून जातं. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुलाही आम्ही असंच विमानात बसवलं होतं." (मी तेवीस वर्षांची होते, आणि तिने बरोबर अकरा किलो लाडू-चिवडा दिला होता. पण असो.)

माझा भाचा अर्ध्या तासात कंटाळला. "हे नुसते झोपलेत." यावर उत्तर तयार ठेवा, कारण ते उत्तरच या प्राण्याचं सार आहे. वर्षातला बहुतेक काळ हा प्राणी खोल समुद्रात असतो. मादी एकेका बुडीत वीस-तीस मिनिटं आत राहते, चार-पाचशे मीटर सहज, कधी दीड हजार मीटरच्याही खाली. बुडी मारताना आपण छाती भरून घेतो, ही श्वास सोडून बुडते. प्राणवायू फुप्फुसात नाही, रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो. आणि झोप? २०२३ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माद्यांच्या डोक्याला यंत्र लावून मोजलं तर समुद्रात त्या दिवसाला जेमतेम दोन तास झोपतात, तेही बुडीतच, दहा-दहा मिनिटांच्या डुलक्या. खोल जाऊन झोपतात आणि वाळकं पान गिरक्या घेत पडावं तशा खाली उतरत राहतात. वर झोपलं तर शार्क आणि ओर्का आहेत ना. म्हणजे वाळूवर दिसते ती झोप महिन्यांची थकबाकी आहे. भाचा म्हणाला, "मग झोपू दे त्यांना." आणि गंमत म्हणजे त्यानंतर तासभर तो हलला नाही.

तुम्हीही तासभर एका जागी थांबा. हे मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पाच मिनिटांत फोटो काढून निघालात तर दगड पाहून याल. थांबलात तर दिसतं की ही मादी पुढच्या फ्लिपरने पाठीवर वाळू उडवतेय, अंग गार ठेवायला. त्या फ्लिपरला पाच नखं आहेत, आणि खाजवताना ती बोटं आपल्यासारखीच वळवते.

हे सगळे आज इथे आहेत हेही नशीबच. एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी त्यांची एवढी कत्तल झाली की संपले असंच धरलं गेलं. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर शंभराच्या आत उरले होते. १९२२ला मेक्सिकोने संरक्षण दिलं, नंतर अमेरिकेने. आता दीड लाखांच्या वर आहेत. पिएद्रास ब्लांकासला तर १९९०पर्यंत वस्तीच नव्हती.

बरोबर काय घ्याल: मे महिना असला तरी जाकीट आणि कानटोपी, कारण हा समुद्र गोव्याचा नाही. बंद बूट. ८×४२ची दुर्बीण, यापेक्षा जास्त ताकदीची हातात थरथरते. थर्मासमध्ये चहा. पोळी-चटणीचे रोल गाडीत खा, बाहेर सीगल हातातून नेतात.

आणि आवाज रेकॉर्ड करा, फोनच्या माइकवर पायमोजा चढवून, नाहीतर नुसता वारा येतो. बाबा कुडाळच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात. आन्यो नुएव्होला जानेवारीत एक मोठा नर मान मागे टाकून ओरडत होता: घशातून रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा, थांबून थांबून, ठरावीक अंतराने. बाबा डोळे मिटून ऐकत होते, बोटं मांडीवर चालू. "ठेको धरल्यान हा गो," म्हणाले. बरोबरची स्वयंसेविका काय म्हणाले विचारू लागली, मी सांगितलं, तर ती खूश झाली. याच वाळूवर झालेल्या संशोधनात, २०१७ला, हे सापडलं होतं की प्रत्येक मोठ्या नराची लय आणि आवाजाची जात ठरलेली असते, आणि बाकीचे नर ती लय ओळखतात. लय बदलून ऐकवली तर त्यांना तो ओळखू येत नाही. ओळखीचा वरचढ असेल तर मागे सरकतात, भांडण वाचतं. मग मी बाबांना सांताक्रूझच्या प्रयोगशाळेतल्या रोनन नावाच्या सी लायन मादीबद्दल सांगितलं, जी ठोक्यावर मान डोलवायला शिकली. "मगे तिका टाळ दी," बाबा म्हणाले.

ते चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग त्यांनी तिथूनच, थंडीने आखडलेल्या बोटांनी, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. कुडाळात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी उठून पाहिलं तर खाली एकच प्रश्न आला होता: "ह्यो बुवा खयचो?"